मूळ प्रत नसलेल्या कॅसेट

बाबांच्या सगळ्या संगीताचा संच निघणार होता, आणि त्यात त्यांच्या पहिल्या कॅसेट नव्हत्या.

"मॅडम, राग मानू नका," कंपनीचा संपादक म्हणाला. "तुमच्या वडिलांच्या ठेक्यावर अर्धं जग नाचलं. पण त्या कॅसेट म्हणजे शिकाऊ हाताचं काम. नुसती घरघर. संच सुरू व्हावा तो ते जिथे सुरू झाले तिथून."

"ते तिथेच सुरू झाले."

"मग मूळ टेप आणा. स्वच्छ असली तर ऐकतो. परवानगीच्या कागदावर तुमची सही तेवढी राहिलीय."

"सही त्यानंतर," ती म्हणाली आणि उठली.

बाबा गेल्यावर त्यांची खोली तिनेच आवरली होती. वायरींचे गुंते एकेक करून सोडवले होते. रडण्यापेक्षा ते सोपं होतं. मूळ टेप तिथे नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं. मिळाली होती ती पहिल्या कॅसेटची एक झिजलेली प्रत. ती घेऊन तिने आत्याचं घर गाठलं. तरुणपणी बाबा या थोरल्या बहिणीच्याच मागच्या खोलीत राहायचे.

आत्या मटार सोलत होती. "मूळ टेप? ती कुठली गं? माझ्याकडे आहे ती त्याने मला दिलेली." तिने दोऱ्याच्या रिळांच्या खणातून एक कॅसेट काढली. वेष्टन तेच, अक्षर बाबांचं.

दोन्ही प्रती एकापाठोपाठ वाजवल्या. सूर तोच, पण आत्याच्या प्रतीतली चाल घाईची, आणि मधला तुकडा तर भलतीकडेच गेलेला.

"आत्या, डबी एकीची आणि कॅसेट दुसरीची झालीय."

"काही झालेलं नाही. प्रत काढायला दोन मशीनं लागतात. तुझ्या बापाकडे होतं एक. स्पीकर खुर्चीवर, माइक कपड्यांच्या दोरीला टांगलेला. कुणी कॅसेट मागितली की हा पहिल्यापासून सगळं पुन्हा वाजवायचा. गिऱ्हाईक आलं की ताजं वाढायचं! हात दोनच, म्हणून नाद दाबायचं-उघडायचं एक बटण मी फिरवायचे."

तेवढ्यात कॅसेटमधला ठेका बुडाला. पाण्याखाली जावा तसा सगळा नाद दबला, आणि एक कोवळा, खणखणीत आवाज ओरडला, "अगं ताई, उलटं!" मग लगेच, "थांब. राहू दे. तसंच धर." नाद हळूहळू वर आला.

ते बुडणं तिच्या ओळखीचं होतं. बाबांच्या प्रत्येक गाजलेल्या तुकड्यात ते यायचं. मैदानभर लोक हात वर करून त्याची वाट बघायचे. हे सुचलं कसं, असं कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "घरचंच आहे." तिला तो विनय वाटायचा.

आणि तो आवाज. शेवटच्या दिवसांतला चिरका, दमलेला आवाज कानात घेऊन ती इतके महिने वावरत होती. हा मुलगा तर तिच्याहून लहान होता.

"पुन्हा लाव."

"आधी डोळे पूस. मशीनवर पाणी पडेल."

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊनच ती कंपनीत गेली. संपादक आधी घड्याळ बघत ऐकत होता. ठेका बुडाला तसा तो ताठ झाला.

"हे तेव्हापासूनचं?"

"बटण माझ्याकडून उलटं फिरलं," आत्या म्हणाली. "वर मीच त्याला झापलं, की तू नीट सांगत नाहीस."

"घेऊ. ही कॅसेट घेऊ. बोलणं तेवढं कापतो."

"कापायचं नाही," ती म्हणाली. "आणि बाकीच्या प्रतीही मी शोधून आणते. मिळतील त्या सगळ्या घ्यायच्या. यातली एकही दुसरीसारखी नाही."

"मॅडम, मधेच माणूस ओरडला तर ऐकणारा दचकेल."

"दचकू दे. ते काढलंत तर वाटेल, त्यांनी हे आधीच ठरवलं होतं. तसं नव्हतं. चूक झाली, ती त्यांना ऐकू आली, आणि त्यांनी ती ठेवून घेतली. त्यांची सुरुवात हवीय ना तुम्हाला? मग ही घ्या."

कागद टेबलावर होता. पेन त्याने पुढे सरकवलं. तिने ते उचललं नाही.

"वडिलांवर गेलात अगदी," तो वैतागून म्हणाला.

"छे," आत्या म्हणाली. "तो बिचारा गरीब होता. भांडकुदळपणा माझ्याकडून आलाय."

संपादक हसला. त्याने कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे फिरवून घेतली आणि वायरी जोडायला लागला.

"आवाजासकट उतरवतो. पण पूर्ण वाजेपर्यंत थांबावं लागेल. आणि सही?"

"शेवटपर्यंत ऐकून," ती म्हणाली, आणि खुर्ची स्पीकरजवळ ओढून बसली.