चावीवाल्याला न विचारता

"तुझ्या त्या फुकटच्या प्रोग्रामवर मशीननं एक जरी पाकळी भरली, तर मी क्विन्सेचा गुलाबी झगा घालून भर गल्लीत नाचेन!" ओतोनिएलनं डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटली.

"आणि नाही भरली तर?" नेरेइदानं विचारलं.

"तर मशीन माझ्या कारखान्यात. आणि तू माझ्या हाताखाली."

टेबलाभोवतीचे सगळे खिदळले. नेरेइदा नाही. भरतकामाचं मशीन तिचं, गिऱ्हाइकं तिची. पण चित्राचे टाके करून देणारा प्रोग्राम ओतोनिएलचा. तो उघडायची परवान्याची चावी त्यानं नुकतीच बंद केली होती. मुद्दाम. आख्ख्या होल्गीन शहरातल्या पोरींचे क्विन्सेचे, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाचे झगे त्याला आपल्याच दुकानातून जायला हवे होते.

"रविवारी दुपारपर्यंत," ती म्हणाली. "झगा मीच शिवते. तुझ्या पोटाचं माप लांबूनच दिसतंय."

विद्यापीठात काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीकडे, मिग्दालियाकडे, बरं इंटरनेट होतं. टाके करणारा, कुणालाही फुकट वापरता येणारा एक खुला प्रोग्राम तिनं मूळ कोडवरून आपल्या संगणकावर बसवलाही होता. नेरेइदानं मग गल्लीत सिनेमे, गाणी जशी फिरतात तेच केलं. बसवलेलं आख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर ओतलं, घरी आणलं, चालू केलं.

संगणक म्हणाला, अशी जागाच नाही. आणि जागा कुठली? तर मिग्दालियाच्या संगणकातली!

"अगं, हा तुझ्या घरचा पत्ता शोधतोय!" नेरेइदा फोनवर ओरडली.

"वेडे, बसवलेलं उचलून नेलंस होय? त्यात माझ्याच संगणकाच्या वाटा लिहिल्यात. तुला कच्चा माल न्यायला हवा होता. तांदूळ, घेवडा. शिजवायचं तुझ्या चुलीवर."

तेवढ्यात खिडकीतून ओतोनिएलचं डोकं. "काय बाई, उमलली का पाकळी? तुझी खुर्ची पुसून ठेवलीय."

"तूच बस तिच्यावर. झगा आवरून बसायची सवय कर, माकडा!"

ती पुन्हा मिग्दालियाकडे गेली. या खेपेला मूळ कोड घेतला, आणि त्याला लागणारी सगळी पॅकेजं न उघडता, आपल्या घरच्या संगणकातल्या पायथन भाषेच्या आवृत्तीला जुळणारी. घरी येऊन तिनं आपल्या संगणकावर नवी रिकामी जागा केली आणि पॅकेजं बसवणाऱ्या पिप प्रोग्रामला बजावलं, इंटरनेटकडे बघूसुद्धा नकोस, पेन ड्राइव्हवर आहे तेच घे. अर्ध्यात वीज गेली. तिनं विजेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रविवारी मशीन दारातच मांडलं. चौकटीत तोच गुलाबी झगा, छातीकडची बाजू वर. गल्ली दाटून उभी. ओतोनिएल मिशी कुरवाळत होता. सुई खाली गेली, वर आली आणि खडखडत सुटली. एक पाकळी, मग दुसरी, मग आख्खं फूल.

"हे... हे माझ्या चावीशिवाय?"

"तुझी चावी तुझ्या कपाटाला लाव," नेरेइदा म्हणाली आणि बाकीच्या शिवणकाम करणाऱ्या बायांकडे वळून पेन ड्राइव्ह उंच धरला. "कुणाला हवंय? कच्चा माल आहे, घरी नेऊन शिजवा."

बायांची झुंबड उडाली. ओतोनिएल हळूच सटकायला लागला, तर डॉमिनोच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या एउसेबियोनं त्याची कॉलर धरली. "कुठं निघालीस, पोरी? तुझा वाढदिवसाचा वॉल्ट्झ नाच राहिला की!"

झग्याची चेन पोटावर अडली. कुणीतरी बाल्कनीत गाणं लावलं. आणि ओतोनिएल लालबुंद तोंडानं, दोन्ही हातांनी घोळ उचलून, छातीवर फूल मिरवत भर गल्लीत गिरक्या घेऊ लागला.