अष्टमीचं पाणी

परशुराम पाटलांकडे दुखवट्याला कोणीही आलं, की पाण्याचा पेला हातात पडायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं. "मीच सांगला त्याला. आज अष्टमी हाय, भांगाची भरती, पान्याला जोर नाय. जा बिनघोर."  येणारा मान हलवून चहा संपवी.

त्यांची लेक जागृती हे स्वयंपाकघरातून ऐकायची आणि तिचा जीव तुटायचा. गेला तो नयन, तिच्या पाठचा भाऊ. चालण्याआधी तो बाळकुमच्या खाडीत पोहला, असं सगुणाआत्या सांगायची. आत्या कशातही चिमूटभर मीठ जास्तच घालते, मिठागरात वाढलेली ना! पण पोराचं पाण्याचं वेड मात्र खरं. सर्फिंगसाठी आधी गोकर्ण, मग थेट बाली. तिथे जमिनीचं एक खडकाळ टोक समुद्रात शिरतं आणि लाट त्याच्या कडेकडेनं लांबवर फुटत जाते. जगभरचे सर्फर तिथे येतात, नवशिक्याला मात्र कोणी उतरू देत नाही. नयन नवशिका नव्हता. तरी लाटेनं त्याला खडकावर नेऊन टाकलं.

तिथून तो रोज सकाळी फोन करायचा. "बाबा, आज पाणी कसं?" आणि उभा जन्म मिठागरात काढलेले बाबा तिथी बघून ऐटीत निकाल द्यायचे. खाडीची भरती तिथीला बांधलेली, हे खरंच. पण त्या लाटा कुठल्या कुठे उठलेल्या वादळातून येतात, त्यांना कसली अष्टमी नि कसली पुनव! हे नयनला ठाऊक होतं, जागृतीलाही. बाबांना कोणी सांगितलं नाही, कारण त्यांची ती ऐट दोघांना फार आवडायची.

मग बाबांनी जेवण टाकलं, तेव्हा तिला राहवेना. ती ताटापाशी बसली.

"बाबा, ऐक. तू काही केलेलं नाहीस. तो मोबाइलवर लाटांचा अंदाज बघायचा. त्या दिवशीपण बघितलेला. 'आज मोठ्या आहेत, मजा येणार,' असा मेसेज केलेला मला. तुझ्या सांगण्यावरून तो कधीच उतरला नाही."

तिला वाटलं, आता छातीवरचा धोंडा उतरेल.

"कधीच नाय?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग रोज मना कशाला इचारायचा?"

तुझा आवाज ऐकायला, असं तिला म्हणायचं होतं. पण तिलाच रडू फुटलं. बाबांनी ताट सारलं आणि ते खाडीकडच्या खिडकीत जाऊन बसले. पोराचा देह घरी आला तेव्हासुद्धा ते इतके रिकामे दिसले नव्हते. स्वतःवर घेतलेल्या त्या दोषात निदान पोरगा त्यांचं ऐकत होता. तेवढंच त्यांच्याकडे उरलेलं आणि तेही आपण काढून घेतलं, हे जागृतीला कळलं आणि तिला स्वतःची चीड आली.

दुसऱ्या दिवशी विश्रामकाका आले. बाबांचे मिठागरातले जुने सोबती. पाणी पिऊन झालं तरी बाबा गप्पच.

"कसा झाला रं, परशा?" काकांनी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. जागृती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"बाबांनीच सांगितलेलं त्याला," ती म्हणाली. "भांगाची भरती आहे, जा म्हणून. बाबांना विचारल्याशिवाय तो पाण्यात पाय नाही टाकायचा, काका."

बाबांनी वर पाहिलं. 

"मीच सांगला त्याला," ते म्हणाले आणि ढसाढसा रडले.

त्या दुपारी ते दोन घास जेवले.