फ्रिजमधले काका

दारात चपलांचा ढीग, खिडकीत डोकीच डोकी, आणि स्वयंपाकघरात अख्खी गल्ली हात जोडून उभी. कुणासमोर? फ्रिजसमोर!

थंडेबाबांनी फ्रिजचं दार उघडलं, एका हातानं शाल आडवी धरली, दुसरा हात आत घातला आणि डोळे मिटले. "काका, आलात?"

घुर्रर्र करून फ्रिज जागा झाला.

"आले, आले!" शिंपी ओरडला. "माझी हरवलेली सायकल मिळेल का, विचारा!"

"हळू रे," बाबा खेकसले. "आत्मा आहे तो, पोलीस चौकी नाही."

हे काका म्हणजे या घरच्या काकूंचे मालक. ते गेले आणि काही दिवसांनी फ्रिज ठोकायला लागला. बंद होताना अंग झटकायचा, मागून ठक-ठक. रिकाम्या घरात तेवढाही आवाज केवढा मोठा वाटतो! काकू घाबरल्या, शेजारणीला बोलल्या, आणि शेजारणीनं थेट बाबालाच आणून उभा केला. बाबानं नियम लावून दिला. घुरघुर म्हणजे हो, ठकठक म्हणजे नाही. आणि दोन प्रश्नांच्या मध्ये जरा थांबायचं, कारण आत्मा दमतो.

आधी काकू जेवल्या की नाही हे विचारायला कुत्रं फिरकत नव्हतं. आता चहाला कप पुरेनात. सगळे गेले की काकू फ्रिजला पाठ टेकून बसायच्या. "अहो, ऐकताय ना?" म्हणायच्या. घुरघुर आली की तेवढ्यावर दिवस निघायचा.

मग मुलीचा फोन आला. स्वतःच्या मनानं लग्न करून गेलेली, त्यावरून आईशी अबोला धरलेली एकुलती एक पोर. "आई, तू एकटी नको राहूस. मी येऊ तुझ्याकडे?"

काकूंनी बाबामार्फत विचारलं. ठक-ठक.

"नाही म्हणतात," बाबा म्हणाले. "मुलगी आत आली, तर काका कायमचे बाहेर."

काकूंनी फोनवर सांगून टाकलं, "येऊ नकोस." पलीकडून नुसतं "बरं" आलं.

ते "बरं" काकूंच्या डोक्यातून जाईना. यांनी नाही म्हटलं? पोरीला? ज्या माणसाला तिच्या हट्टापुढे उभ्या जन्मात नाही म्हणता आलं नाही, त्यानं?

सकाळी चहाला दूध काढलं तर नासलेलं. काकूंचं टाळकं सरकलं. परवा शिंप्याला सायकलीसाठी शेवटी "हो" मिळालं होतं, तेव्हा दुधाचा दगड झाला होता. "नाही" आलं की दूध नासतं, "हो" आलं की गोठतं, हा कुठला आत्मा?

त्यांनी फ्रिजमध्ये डोकं घातलं. थंडी कमी-जास्त करायचं गोल बटण शून्यावर होतं. बाबाला दुधाची काय पडलीय! काकूंनी ते फिरवलं. घुर्रर्र. शून्यावर आणलं. ठक-ठक. लगेच परत फिरवलं, तर फ्रिज नुसता कण्हला, कट्ट झाला आणि गप्प. थोड्या वेळानं मात्र आपणहून सुरू झाला. एकदा थांबला की त्याला लगेच उठता येत नाही. ही आत्म्याची दमणूक!

मग जोर लावून त्यांनी फ्रिज पुढे ओढला. मागची नळी भिंतीवर आपटून आपटून रंग उडाला होता. पुन्हा बटण शून्यावर. मुकाट्यानं बंद झाला. ठकठक गेली.

काकू तिथंच खाली बसल्या. दुसऱ्यांदा विधवा झाल्यासारखं वाटलं. बटण उपटून हातात आलं होतं. परत बसवलं असतं, तर संध्याकाळी घर पुन्हा भरलं असतं. कुणाला काय कळणार होतं?

संध्याकाळी घर भरलंच. बाबानं शाल धरली, हात आत घातला. चाचपडला. भाज्या चाचपल्या, लोणी चाचपलं. "काका... आज रागावलेत."

"कोणी रागावलेलं नाही," काकू म्हणाल्या आणि मूठ उघडली. "हे शोधताय ना?"

त्यांनी बटण बसवलं आणि शिंप्याच्या बायकोलाच फिरवायला लावलं. घुर्रर्र!

"अगं बाई, मला पण आत्मा येतो की!" ती म्हणाली. हशा पिकला.

"अविश्वास दाखवलात! आत्मा निघून गेला!" बाबा गरजले.

"तो कधीच गेलाय," काकू म्हणाल्या. "आता तुम्ही निघा."

बाबा गेले. त्यांच्यामागून गल्लीही गेली. शेजारीण जाताजाता पुटपुटली, "काकू, चाललं होतं की छान. कशाला उघडं पाडलंत?"

घर रिकामं झालं. काकूंनी फोन लावला. "चुकले मी. भिंतीला लागलेल्या नळीचं ऐकलं आणि तुला नको म्हटलं. येशील?"

काकू फोन कानाला धरून थांबल्या. कितीतरी वेळानं पलीकडून रडका, चिडका आवाज आला. "आई, तू ना अगदी... उद्या येते."

तर मंडळी, घरातलं यंत्र ठोकायला लागलं, तर हात जोडू नका. ते भिंतीपासून सरकवा, मागं वाकून बघा, कळत नसेल तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. आणि माणसाची आठवण येत असेल, तर जिवंत आहेत त्यांना फोन करा. ती भांडतील, रुसतील, वेळ लावतील. पण उत्तर त्यांचं स्वतःचं असेल.