दुपारी दोननंतरचा टकल्या

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. मित्रांनो, आमच्या तांड्यात आजा आणि नातू यांच्यात जो सामना झाला, तो आजाने जिंकला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. सामना अजून व्हायचा आहे आणि कोण जिंकेल याची मला काडीचीही कल्पना नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला झाकण मिळालं, झाकणात स्पीकर मिळाला, उचलायला कडी मिळाली आणि एक वर्षाची हमी मिळाली. हमी संपून पन्नास वर्षं होत आली. मी अजून चालतो, याबद्दल कारखान्याने एक पोस्टकार्डही पाठवलेलं नाही.

उमेदीची वर्षं मी वणीला काढली. तिथल्या कोळसा खाणीत एक साहेब होते. त्यांना एका जर्मन संगीतकाराच्या नऊ सिम्फनींचं वेड होतं. सिम्फनी म्हणजे शंभर माणसांनी एकदम वाजवायचं आणि कुणी गायचं नाही. नवव्या सिम्फनीत मात्र त्यांना राहवत नाही आणि ते गातात. पुढे एक जण नुसती काडी हलवत उभा असतो. तो काहीच वाजवत नाही, म्हणून रेकॉर्डच्या पेटीवर फोटो त्याचाच असतो. साहेबांकडे नऊच्या नऊ सिम्फनींचे दोन संच होते. एका पेटीवरच्या काडीवाल्याला भरघोस केस, दुसरीवरच्याला तुळतुळीत टक्कल. साहेब दर रविवारी मला मऊ फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना सांगत, "आवाज ऐका याचा!" पाहुणे चहा ऐकत.

पुढे मी माळ्यावर गेलो. तिथे बरीच वर्षं माझ्या अंगावर एक सुटकेस बसून होती. तिच्याविषयी मी काही बोलणार नाही.

साहेब निवृत्त होऊन मुलाकडे निघाले, तेव्हा सामान किसनसिंगच्या ट्रकमध्ये चढलं. मुलाच्या घरात जागा नव्हती. साहेबांनी मला आणि दोन्ही पेट्यांना रस्त्याकडेलाच उतरवायला सांगितलं. किसनसिंग म्हणाला, "साहेब, चढवलेला माल आमी रस्त्यात टाकत नाही." त्याच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं, घराण्याचा नियम होता. म्हणून मी माल म्हणून फुलसावंगीजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात पोचलो.

मित्रांनो, मला एक कबुली द्यायची आहे. त्या दोन पेट्यांत रेकॉर्ड एकच आहेत. कंपनीने काही वर्षांनी तेच वाजवलेलं पुन्हा काढलं, तोवर त्या गृहस्थाचे केस गेले होते, म्हणून नवा फोटो छापला. माझी सुई दोन्हींवरून फिरली आहे. तिसऱ्या सिम्फनीत एक श्रोता खोकतो. दोन्हींत तोच, तिथेच.

तांड्यात हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. किसनसिंगची दहावीतली मुलगी राखी पेट्यांवरचं अक्षर न् अक्षर वाचून म्हणाली, "बाबा, नाव तं दोघाईचं एकच आहे."

बांधापलीकडचे शेतकरी पुंडलिकराव भजनात पेटी वाजवतात, त्यामुळे संगीताचा शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "मंग नातू असन. आज्याचं नाव नातवाले ठेवतातच न. हा टकल्या आजा, हा केसवाला नातू."

"अन् दोघंही काडीच हालवतात?"

"खानदानी धंदा आहे, पोरी."

झालं. जर्मनीतल्या एका काडीवाल्याला आमच्या तांड्यात नातू झाला.

किसनसिंगच्या शेतात कापूस फुटला, पण वेचायला बाया मिळेनात. किसनसिंगने मला बांधावर नेऊन बसवलं, म्हणजे गाण्याच्या निमित्ताने तरी बाया येतील. माझे सेल केव्हाच संपले होते, म्हणून फवारणी पंपाची बॅटरी जोडली. पहिल्या वेच्याला शेतात सीतादहीची पूजा होते, दहीभात शिंपडतात. माझ्यावरही शिंपडला. तेव्हापासून माझं एक बटण श्रद्धेने अडकतं.

बाया आल्या. सकाळी नातू लागायचा, जेवणानंतर आजा. आता तांत्रिक बाब अशी, की फवारणी पंपाची बॅटरी सकाळी तरतरीत असते आणि दोन वाजता मान टाकते. बॅटरीने मान टाकली की मी सावकाश फिरतो. पण दोष कुणी मला दिला नाही.

"आजा सावकाश वाजवते," पुंडलिकराव तंबाखू मळत म्हणाले. "नातू नुसता पळते. आजकालची पिढी."

"अन् आजाचा खोकला आयका," किसनसिंग म्हणाला. "जाड आहे. नातवाचा बारीक."

"खोकला घराण्यातच आहे त्यायच्या."

सकाळी नातवाबरोबर हात भराभर चालत, कमरेच्या ओट्या कापसाने फुगत. दुपारी आजा लागला की बायांचे हात जड व्हायचे. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एक अघटित घडलं. किसनसिंगची बायको हंसाबाई बसली.

मित्रांनो, हंसाबाईंना शेतात बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या पाणीसुद्धा उभ्याने प्यायच्या. त्या माझ्या शेजारी बांधावर टेकल्या, ओटीतला कापूस मांडीवर तसाच, आणि रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत उठल्या नाहीत. रोज दुपारी हेच. राखीने आईला विचारलं, "याडी, बरं नाही का?" तर म्हणाल्या, "बरं आहे म्हनूनच बसली. हा म्हातारा कोनाच्या मांगं लागत नाही."

किसनसिंगने आठवडाभर सोसलं. मग म्हणाला, "हा टकल्या वेचा बुडवून राह्यला. भंगारवाला आला की देऊन टाकतो. नातू एकटाच पुरे."

"मंग भंगारवाल्यालेच बोलवा कापूस येचाले," हंसाबाई म्हणाल्या. "मी नाही येत."

हंसाबाई आल्या नाहीत तर बाकीच्या बायाही येणार नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. किसनसिंगलाही. शेवटी पुंडलिकरावांनी न्याय केला. "वेळच वेगळी, तं मुकाबला कसा? आज्याले सकाळी लावा, नातवाले दुपारी. राखी काट्यावर कापूस मोजन. ज्याचा ढीग मोठा, तो राहीन. दुसरा भंगारात."

हंसाबाईंना आजावर भरवसा होता. म्हणाल्या, "चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या बॅटरीवर आजा लागला. मित्रांनो, तो सुसाट सुटला. बाया ओळीमागून ओळी साफ करत गेल्या. राखीने काटा धरला तर हंगामातला सगळ्यात मोठा ढीग, नातवाच्या कुठल्याही सकाळीहून जास्त.

"वा रे म्हाताऱ्या!" किसनसिंग ओरडला. "तब्येत सुधरली याची!"

"सकाळचा मानूस आहे," पुंडलिकराव म्हणाले. "मलेही सकाळीच सुधरते."

आजा जिंकला. हंसाबाईंच्या बाजूने निकाल लागला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा तो नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हा बी मांगंच लागला."

निकाल लागलाच होता, तरी नियमाप्रमाणे दुपारी नातू लावला. नातू सावकाश वाजू लागला. हंसाबाई ओळीत थबकल्या. माझ्याजवळ आल्या, माझ्या कडेवर तळहात ठेवला. खोकला आला, जाड. त्यांनी हात खाली नेऊन बॅटरीवर ठेवला. तिच्यावरचा सकाळचा हिरवा दिवा लाल झाला होता. त्यांनी एकदा किसनसिंगकडे पाहिलं. तो पुंडलिकरावांना सांगत होता, "पाहा, नातू दमला. हारल्याचं दुःख आहे." हंसाबाई बसल्या.

आजा दिवसभर असाच पळावा म्हणून त्या संध्याकाळी किसनसिंगने दुप्पट मोठी बॅटरी आणून चार्जिंगला लावली. जेवणाची ताटं वाढता वाढता हंसाबाईंनी पिन काढली आणि तिथे स्वतःचा मोबाईल लावला. तेव्हापासून रोज अर्धीच बॅटरी शेतात येते. सकाळ कशीबशी निभते आणि दोन वाजता आजा थकतो. "वय आहे," हंसाबाई म्हणतात. किसनसिंगला ते पटतं. नातवाची पेटी भंगारवाल्याने नेली. मला तिचं दुःख नाही, तीच गाणी अजून माझ्याकडे आहेत. हंसाबाई आता रोज अर्धा तास बसतात. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, पण त्यांना पूर्ण चार्ज करू नका.

आता अडचण अशी, की किसनसिंगने बांधावर सौर पॅनेल बसवलं आहे. ते उद्यापासून मला जोडणार. पॅनेलची पिन काढता येत नाही, कारण ती थेट वर गेलेली आहे, आणि आमच्याकडे ऊन दोन वाजताच सगळ्यात जोरात असतं. सबब मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति, संबंधित अधिकारी. विषय: सूर्याचा दाब कमी करणेबाबत. महोदय, कापूस वेचणीच्या हंगामात दररोज दुपारी दोन ते चार या वेळेत मौजे फुलसावंगी शिवारापुरता सूर्य कमी दाबाने सोडण्यात यावा, जेणेकरून अर्जदार सावकाश फिरेल व सौ. हंसाबाई यांना बसता येईल. शेजारच्या शिवाराची हरकत असल्यास त्यांचा सूर्य पूर्ण दाबाने चालू ठेवण्यास अर्जदाराची ना नाही. तरी आदेश उद्या दुपारी दोनपूर्वी व्हावेत, ही नम्र विनंती.