बर्फावरचं वळण

नीलेशच्या विमानाच्या कॅप्टनचा फोन जव्हारच्या घरी आला आणि तुळशीदास खुर्चीतून ताडकन उठून उभेच राहिले. पलीकडचा माणूस दिल्लीत बसलेला, त्याला काय दिसणार होतं कपाळ! पण कचेरीतल्या कारकुनीची सवय जाते कुठे? "हो साहेब. होय साहेब. नीलेश तसंच सांगेल, माझा शब्द," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

नीलेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय सांगेन मी, बाबा?"

"की त्या दिवे दाखवणाऱ्यानं उशिरा इशारा केला. चौकशीत एवढंच बोलायचं."

एवढंच! विमानाला दिव्यांनी वाट दाखवणाऱ्या त्या मंजूरचा पाय गेला, आणि हा कॅप्टन त्याच्याच डोक्यावर खापर फोडायला निघाला होता. दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत काश्मीरला विमान उतरलं, तेव्हा धावपट्टीवरून विमानाला उभं राहायच्या जागेकडे नेणाऱ्या रस्त्यावर, टॅक्सी-वेवर, बर्फ गोठून काचेसारखा झालेला. अशा वेळी जेट माणसाच्या चालीनं न्यायचं, वळणाआधीच वेग कमी करायचा, हे शिकाऊ पोरगंही जाणतं. कॅप्टनला मात्र झालेला उशीर भरून काढायचा होता. विमान उभं करायच्या जागेकडे वळताना त्यानं पुढचं चाक फिरवलं. चाक फिरलं, विमान गेलं सरळ! मग बसला ब्रेक दाबत. समोर दिवे घेऊन उभा असलेला मंजूर पळता पळता घसरला आणि चाकाखाली आला.

"नोकरी जाईल रे," तुळशीदास कळवळले. "तू पायलट झालास तेव्हा गावी, जामसरच्या अख्ख्या भावकीत पेढे वाटले मी. मोठ्यांच्या तोंडी लागू नकोस. मी उभ्या जन्मात साहेबाला उलट बोललो नाही."

"मी तरी कुठं बोललो?" नीलेश ओरडलाच. "सहवैमानिक म्हणून त्याच्या शेजारी बसलो होतो ना! वेग दिसत होता मला. 'थांबवा' म्हणून दरडावायचं, ते माझं कामच. आणि मी काय म्हणालो? 'सर, जरा हळू घेतलं तर बरं.' तेही अदबीनं! घरात शिकलो तसंच!"

"म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"अर्धं तुमच्यामुळे, अर्धं माझ्यामुळे. मंजूरमुळे काडीचंही नाही."

तुळशीदासांचं तोंड एवढंसं झालं. नीलेशनं कॅप्टनला फोन लावला.

"बाबांनी दिलेला शब्द मी मोडतोय. चौकशीत तुमचा वेग सांगणार, आणि माझं मिळमिळीत बोलणंही."

"घरी बसशील कायमचा!" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

तुळशीदासांनी रिसीव्हर हिसकावून घेतला. आता हे माफी मागणार, म्हणून नीलेशनं दात आवळले.

"माणसाचा पाय गेलाय," तुळशीदास गरजले, "आणि तू माझ्या पोराला नोकरीची भीती घालतोस? लाज नाही वाटत?"