सांग तिला, सांग त्यांना

"सांग त्यांना, बादली भरून ठेवलीय. अंघोळ करायची तर करा म्हणावं, नाहीतर फिरा तसेच."

सासूबाई स्वयंपाकघरातून बोलल्या. मामंजी समोर गोठ्याच्या दारात बसलेले, मोजून अकरा पावलांवर. म्हाताऱ्याचे कान अजून असे तिखट की शेजारच्या घरात चमचा पडला तरी ऐकू जातो. तरी मी अकरा पावलं चालले आणि म्हणाले, "मामंजी, बादली भरून ठेवलीय."

"सांग तिला, ऐकू आलं मला."

परत अकरा पावलं. "आई, त्यांना ऐकू आलंय."

"मग उठत का नाहीत? विचार."

सात आठवडे हेच चाललं होतं. हसताय ना? हसा. तुमच्यावर वेळ आली म्हणजे कळेल. सकाळी डोळा उघडला की "सांग तिला", रात्री पाठ टेकली की "सांग त्यांना". तोंड माझं आणि बोलणं त्यांचं. माझं स्वतःचं काही म्हणणं आहे का, हे विचारायला त्या घरात तिसरं माणूसच नव्हतं.

भांडण कशावरून, तर तुतीच्या झाडावरून. विहिरीजवळचं जुनं झाड मामंजींनी एका सकाळी कुणाला न विचारता कापून टाकलं. सासूबाई बाजारातून आल्या, त्यांनी बुंधा पाहिला आणि नवऱ्याशी बोलणंच टाकलं. मामंजींनी आपली खाट गोठ्यात नेली. मला तर असा संताप यायचा! एका झाडापायी म्हातारपणी घर मोडायचं?

आणि मोडायलाच निघाली होती दोघं. "मक्याची काढणी झाली की चुली वेगळ्या," असं सासूबाईंनी जाहीर केलं, अर्थात माझ्याच तोंडून. उलट निरोप आला, "चालेल." मग दोघांचा एकच प्रश्न, सूनबाई कुणाच्या चुलीवर? काढणीच्या आदल्या दिवशी मी सांगायचं. एकाकडे गेले असते तर दुसऱ्याला आजारपणात पाणी द्यायलाही कुणी उरलं नसतं. आमचे हे लांब रस्त्याच्या कामावर रोलर चालवतात. फोनवर म्हणाले, "तू घे ना जरा सांभाळून."

"तुम्ही या आणि घ्या सांभाळून," मी म्हटलं.

"हॅलो? इथं आवाज येत नाहीये," म्हणाले. लबाड कुठले!

त्यातच कणसांत दाणा भरला आणि पाखरं तुटून पडली. सासूबाईंचा निरोप गेला, बुजगावणं उभं करा. मामंजींचा निरोप आला, कंबर धरलीय. म्हणजे काम कुणाच्या गळ्यात, सांगायला नको.

दोन काठ्या आडव्याउभ्या बांधायच्या, वर मडकं पालथं घालायचं, की झालं. मीही तेवढंच करणार होते. पण मामंजींच्या फाटक्या सदऱ्यात पेंढा भरायला घेतला आणि हात थांबेचनात. त्यांचा उजवा खांदा उतरलेला आहे, जन्मभर पोती वाहून. मग त्या बाजूचा पेंढा काढला. मान जरा पुढं काढली, दोन्ही बाह्या पाठीमागं बांधल्या. लांब जाऊन पाहिलं, परत आले, पोट थोडं कमी केलं. ऊन कधी कललं ते कळलं नाही. लग्नाआधी मी चिखलाच्या बाहुल्या करायची, पोरी रांग लावायच्या माझ्याकडे. तेच हात हे, मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चारा आणायला गेल्या, त्या लवकर येईनात. बघायला गेले तर मक्यातून आवाज. बाई बुजगावण्यासमोर कमरेवर हात देऊन उभ्या!

"बोला की! आता का गप्प? सगळं रान पडलं होतं कापायला, तेच झाड दिसलं? त्याच फांदीला झोळी होती माझ्या पोरीची. सात महिने हलवली मी. ती गेली, झाड तरी होतं. मी पाणी शेंदताना हात लावायची त्याला. तेवढंसुद्धा बघवलं नाही तुम्हाला?"

आणि बाई त्या पेंढ्याच्या छातीवर कपाळ टेकून रडल्या.

आमच्या ह्यांच्या आधी एक मुलगी होती, हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी मागं वळले तर कणसांआड मामंजी उभे. पाणी धरायला आले होते. हातातलं फावडं तसंच, तोंड पांढरं पडलेलं. आल्या वाटेनं निघून गेले.

संध्याकाळी गोठ्यात मला हळूच म्हणाले, "हिचंही एक करशील?"

केलं. सासूबाईंचा जुना रुमाल डोक्याला, हनुवटी वर, एक पाय पुढं, भांडायला निघाल्यासारखा. मक्यात उभं करून मी आड झाले, तसा मामंजींनी त्याचा रुमाल नीट केला. मग एवढंच म्हणाले, "तू हात लावायचीस ते मी रोज बघत होतो गं. बत्तीस वर्षं बघितलं. मग नाही बघवलं."

मी मक्यात तोंड दाबून बसले होते. असं वाटलं, पळत जावं आणि सासूबाईंना सांगावं. जन्मात पहिल्यांदा पोचवण्यासारखा निरोप मिळाला होता, आणि तोच मला कुणी सांगितला नव्हता. मी नाही पोचवला. म्हटलं, एवढंही मीच बोलायचं, तर ह्यांनी तोंड ठेवलंय कशाला?

गावात बुजगावण्यांचा बोभाटा झाला. लोहार येऊन म्हणाला, "वहिनी, माझ्या मेव्हण्याचं एक करा. त्याला बघून पाखरं काय, माणसंसुद्धा पळतात." मी हो म्हटलं. घरात मात्र सांग तिला आणि सांग त्यांना चालूच. शेतात जाऊन दोघं मन मोकळं करायची आणि घरी येऊन तोंडाला कुलूप.

काढणीच्या आदल्या दिवशी दोघांनी निरोप धाडले, आज काय ते सांग. मी पेटीतून माझा जुना झगा काढला. त्यात पेंढा भरला, मान खाली घातली, हात जोडून बांधले आणि उभं केलं बुजगावणं स्वयंपाकघर आणि गोठा यांच्या बरोबर मध्ये. मी गोठ्यामागं जाऊन लोहाराच्या मेव्हण्याचं पोट भरत बसले.

मामंजींचा आवाज आला. "सांग तिला, विहिरीजवळ खड्डा खणलाय. तुतीचंच रोप आणू का, विचार."

कुणी हललं नाही.

"अगं, विचार की तिला!"

मग स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज. "अहो, पेंढा आहे तो! दिसत नाही का? मला विचारा की!"

मामंजींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कोणत्या तोंडानं विचारू?"

"आहे त्याच."

पुढं दोघं बोलायला लागली. आधी भांडली, मग रडली, मग परत भांडली. मला धाय मोकलून रडायला येत होतं, पण मी जागची हलले नाही. बाहेर गेले असते तर दोघंही पुन्हा माझ्याकडेच बघायला लागली असती.