राखेवरची अक्षरे

मित्रांनो, मी परळीतले कामगार सभागृह आहे. जुने आहे, पण मोडीत निघालेले नाही.

औष्णिक वीज केंद्रातल्या कामगारांनी सुटीच्या दिवशी स्वतः विटा रचून मला उभे केले. माझ्या छपराखाली नाटकांच्या तालमी झाल्या, वाचनालय चालले, संपाच्या सभा तापल्या. मोहनराव फिटर होते, तेव्हा त्यांनी आयुष्यातले पहिले भाषण इथेच केले. टाळ्या थांबेनात.

पुढे दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग भरू लागला. पाट्या पुरेनात. धुराड्यांची राख मात्र माझ्या खिडक्यांतून रोज आत येई आणि फरशीवर करड्या पानासारखी पसरे. वर्ग घेणारे आप्पाराव म्हणाले, "आधी लिहायचं, मग झाडायचं." तेव्हापासून बायका भिंतीपासून बोटाने लिहीत, मागे सरकत दारापर्यंत येतात आणि मगच झाडू उचलतात.

नव्वदचे दशक आले. 'खुली अर्थव्यवस्था' हा शब्द माझ्या वाचनालयात वर्तमानपत्रातून शिरला आणि हळूहळू खुर्च्या रिकाम्या करून गेला. कायम कामगार घटले, ठेकेदाराची माणसे वाढली. आता सभागृह समितीचे अध्यक्ष झालेल्या मोहनरावांनी मला सिमेंटचे गोदाम म्हणून भाड्याने द्यायचे ठरवले. भाड्याने द्यायला नियमाची अट एकच होती: वास्तू वापरात नसावी.

एका दुपारी ते व्यापारी महारुद्रशेठना घेऊन आले. वर्ग नुकताच लिहून मागच्या ओसरीवर पाणी पीत होता. मोहनरावांनी दारातूनच बोट दाखवले.

"बघा शेठ, केवढी राख साचली हाय. इकडं कुणी फिरकत न्हाई."

शेठनी आत जायला पाऊल उचलले.

"थांबा! पाय ठिवू नका," वर्गातली, वीटभट्टीवर राख वाहणारी भिवराबाई ओरडत पुढे आली.

"कावून?" मोहनराव चिडले.

"खाली बघा की. चष्मा घरी इसरला का काय?"

मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसली.

शेठ वाकले. तिरप्या उन्हात नावांच्या ओळी उमटल्या होत्या: भिवरा, मंजुळा, गंगासागर. उंबऱ्याजवळ शेवटची, वाकडी ओळ: 'हा हॉल आमचा हाय.' त्यांनी पाय मागे घेतला.

"दिवाळीला मी वही पुजतो, मोहनराव. अक्षरावर पाय कसा देऊ?"

"अहो, राख हाय ती! फुंकर मारली की गेली."

"मारा," भिवराबाई म्हणाली. "उद्या पुन्हा लिहू. राख काय तुमच्या समितीला इचारून पडती का?"

मोहनराव उंबऱ्याजवळच्या ओळीवर वाकले. त्यांनी फुंकर मारली नाही. दाराला लावायला आणलेले कुलूप त्यांनी परत खिशात टाकले.

त्यानंतर माझी वीज तोडली गेली. छपराचे दोन पत्रे उडाले, ते कुणी बसवले नाहीत; आता ऊन जिथे पडते, तिथे बायका लिहितात. मोहनराव कुलूप घेऊन पुन्हा येतील, हे मला ठाऊक आहे. येऊ देत. मी अंधारात उभे राहायला शिकले नाही. मी उजेड असेल तिथे ओळ सरकवायला शिकले.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला रंग देऊन, माझ्यावर फलक लावून मला गप्पही करू नका. माझ्या खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवा, आणि आत आलात की झाडू उचलण्यापूर्वी आपले नाव लिहा. बघा, आजची राख पडली आहे. भिवराबाईने भिंतीशी बोट टेकवले आहे.